जहाजगढचा आयरिश सरदार

हरियाणातील झज्जर जिल्ह्यात जहाजगढ नावाचे एक गाव आहे. उलव्यासारख्या ठिकाणी, न्हावा-शेवा बंदराच्या शेजारी असे नाव असते, तर कोणाला नवल वाटले नसते. पण दिल्लीच्या पश्चिमेकडील त्या सपाट, रखरखीत मुलखात समुद्र शेकडो मैल दूर आहे. तेथे जहाज कोठून आले?

ते आले एका आयरिश माणसाच्या नावातून. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात तेथे एका मराठा सरदाराच्या चाकरीतील सेनानीने किल्ला बांधला आणि त्याला आपले नाव दिले: जॉर्जगढ. गावकऱ्यांच्या जिभेवर ‘जॉर्ज’ काही बसेना. त्याचे ‘जहाज’ झाले. हा माणूस मूळचा खलाशी, म्हणून लोक त्याला ‘जहाज साहेब’ म्हणत, असाही एक खुलासा दिला जातो. दोन्ही खरे असू शकतात. त्याचे नाव जॉर्ज थॉमस.

महादजी शिंद्यांचे फिरंगी सेनापती म्हटले की द बॉयन आणि पेराँ ही दोन नावे आठवतात. थॉमस त्यांच्या तुलनेत उपेक्षित राहिला. वस्तुतः त्या काळातील शौर्याला काय मोल मिळत असे आणि ते मोल कोण चुकवत असे, हे त्याच्या आयुष्यातून जितके स्वच्छ दिसते तितके त्या दोघांच्या वैभवातून दिसत नाही.

थॉमसचा जन्म १७५६ च्या सुमारास आयर्लंडमधील टिपरेरी परगण्यात, रॉसक्रेजवळ, एका गरीब कॅथलिक कुळाच्या घरी झाला. त्या काळी आयर्लंडमध्ये कॅथलिक माणसाने जमीन मिळवणे, शिक्षण घेणे, सैन्यात अधिकारपद पटकावणे या प्रत्येक गोष्टीला कायद्याची आडकाठी होती. अशा तरुणाला उरे ती मजुरी, नाहीतर परदेश. थॉमस ब्रिटिश आरमारात खलाशी झाला आणि १७८१-८२ च्या सुमारास मद्रासला पोहोचताच जहाज सोडून पळाला. काही वर्षे दक्षिणेतील पाळेगारांकडे, मग थोडा काळ हैदराबादेस निजामाच्या चाकरीत, आणि १७८७ मध्ये दिल्ली. एवढा मुलूख ओलांडताना त्याच्या गाठीला अक्षरओळख बेताचीच होती. तोफ मात्र त्याला कळत होती.

दिल्लीच्या परिसरात त्याला पहिला मोठा आश्रय मिळाला तो सरधन्याच्या बेगम समरूचा. मेरठजवळच्या या जहागिरीची ही मालकीण नवऱ्यामागे स्वतः फौज चालवीत होती. १७८८ मध्ये बादशहा शाह आलम रेवाडीनजीकच्या गोकुळगढला वेढा घालून बसला असता नजफ कुली खानाने शाही छावणीवर अचानक झडप घातली. छावणीची दाणादाण उडाली. खुद्द बादशहाच्या जिवावर बेतले. त्या वेळी बेगम पालखीतून आपल्या पलटणी घेऊन पुढे आली आणि थॉमसच्या तोफेने हल्ला थोपवला. बादशहाने भर दरबारात बेगमेला आपली लेक म्हटले. (हाच तो शाह आलम. त्याच वर्षी पुढे गुलाम कादिराने त्याचे डोळे काढले आणि महादजींच्या फौजांनी त्याला पुन्हा तख्तावर बसवले.) थॉमसच्या वाट्याला आले टप्पल परगण्याचे काम: तेथील वसूल गोळा करायचा आणि पलीकडून येणाऱ्या शीख स्वारांना अडवायचे. सरहद्दीशी त्याची गाठ पडली ती येथे.

१७९२ मध्ये ल व्हासो नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने बेगमेचे मन जिंकले, पुढे तिच्याशी गुप्तपणे लग्नही केले. थॉमसला सरधना सोडावे लागले. थोड्याशा स्वारांनिशी तो गंगेकाठच्या अनूपशहरास, इंग्रजांच्या ठाण्याच्या आश्रयाने राहिला. तेथे त्याला आप्पा खंडेरावांचे बोलावणे आले.

आप्पा खंडेराव हे महादजींच्या उत्तरेतील जुन्या सरदारांपैकी एक. द बॉयनच्या पहिल्या कवायती पलटणी बुंदेलखंडात लढल्या त्या त्यांच्याच हाताखाली. आता त्यांच्याकडे मेवातचा कारभार होता, पण तिजोरी रिकामी होती. महादजी १७९२ मध्ये पुण्याला गेले होते. उत्तरेतील सरदारांना आपापली तोंडमिळवणी स्वतःच करावी लागे. शिपायांचे पगार महिनोन् महिने तुंबलेले. रोख पैसा नसला की सरदार एकच गोष्ट देऊ शकत असे: एखादा परगणा, म्हणजे तेथील वसूल गोळा करण्याचा हक्क. थॉमसला तसेच सांगण्यात आले. हजार पायदळ आणि शंभर स्वार उभारा; खर्चासाठी तिजारा, टपूकडा आणि फिरोजपूर घ्या.

‘घ्या’ या शब्दाचा खरा अर्थ त्याला तिजाऱ्यापाशी कळला. मेवाती गावांना कोणाही सरकारला सारा देण्याची सवय नव्हती. पहिल्याच रात्री त्याच्या छावणीच्या मधोमधून एक घोडा चोरीला गेला. हा खोडसाळपणा नव्हता. नव्या अंमलदाराला गावाने दिलेला तो जबाब होता. घोड्याचा माग काढत गेलेल्या तुकडीवर हल्ला झाला, थॉमस मदतीस धावला आणि ऐन वेळी त्याचीच माणसे पळत सुटली. त्याच्याजवळ डझनभर शिपाई आणि मूठभर स्वार उरले. तोफ नाल्याच्या चिखलात रुतलेली. तो गाड्याला खांदा लावून ती बाहेर काढत असताना मेवाती चालून आले. स्वारांच्या नायकाने स्वतःचा जीव देऊन त्यांना क्षणभर रोखले. तेवढ्या अवधीत तोफ मोकळी झाली आणि छर्र्‍यांचा मारा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा लढाई मांडली, तेव्हा मेवातींनी बोलणे लावले. वर्षाचा वसूल देण्याचे आणि चोरीचा माल परत करण्याचे ठरले.

या प्रसंगाने त्याचे नाव झाले. मात्र त्याला खरा मान मिळवून दिला तो कोटपुतळीने. आप्पांच्या थकलेल्या पलटणींनी बंड केले आणि आपल्याच धन्याला कोटपुतळीत कोंडले. पगारासाठी धन्याला अडवून धरणे, त्याचे खाणेपिणे तोडणे ही त्या काळातील फौजांची नेहमीची रीत होती, आणि शिपायांच्या बाजूने पाहिले तर त्यांच्याजवळ दुसरा मार्गही नव्हता. पण असा कोंडलेला सरदार पुष्कळदा जिवानिशी जाई. निरोप मिळताच थॉमस रात्रीच्या पावसात दौडत निघाला, बंडवाल्यांच्या वेढ्यातून आप्पांना बाहेर काढले आणि त्यांच्या कानौंडच्या किल्ल्यात सुखरूप नेऊन पोहोचवले.

आप्पांनी त्याला धर्मपुत्र मानले. हत्ती आणि पालखी घेण्यासाठी ३,००० रुपये दिले. आणि झज्जर, बेरी, मांडोठी, पाथोडा हे परगणे कायमचे तोडून दिले. त्यांचा वार्षिक वसूल दीड लाख रुपये धरला होता.

हे त्या काळातील शौर्यपदक. ब्रिटिश लष्करात व्हिक्टोरिया क्रॉस आला १८५६ मध्ये, अमेरिकेत मेडल ऑफ ऑनर त्यानंतर काही वर्षांनी. अमेरिकेच्या त्या पदकाचे जे मानकरी परदेशात जन्मलेले होते, त्यांत सर्वांत मोठा गट आयरिश स्थलांतरितांचा. त्यांतील अनेकांनी ते पश्चिम सरहद्दीवर, मूळ रहिवाशांविरुद्धच्या लढायांत मिळवले. घरी जमीन नाही, म्हणून दुसऱ्याच्या सरहद्दीवर दुसऱ्यांची जमीन हिसकावण्यात पराक्रम गाजवायचा, ही आयरिश इतिहासातील एक चमत्कारिक वेदना आहे. थॉमस त्या वाटेने त्यांच्या आधी दोन पिढ्या गेला. फरक इतकाच की त्यांच्या छातीवर धातूचा तुकडा लागला आणि थॉमसच्या हाती गावे आली.

धातूचे पदक पेटीत ठेवता येते. गावे दरवर्षी नव्याने जिंकावी लागतात. आप्पांनी सनदेवर लिहून दिलेल्या बेरीत पाऊल ठेवण्यासाठी थॉमसला तेथील राजपूत आणि जाटांशी घरोघर लढावे लागले. त्यांच्या दृष्टीने कानौंडात बसलेल्या कोणा मराठा सरदाराने कोणा फिरंग्याला आपले गाव बक्षीस द्यावे, यात न्याय कसला? थॉमसच्या चरित्रात ही लढाई पराक्रम म्हणून येते. बेरीच्या बाजूने ती लिहिली गेली असती तर तिचे नाव वेगळे असते. झज्जरजवळ जॉर्जगढ उभा राहिला तो याच कारणासाठी, वसुलीला तटबंदीचा आधार हवा म्हणून.

या बक्षिसात आणखी एक खोट होती. ज्याच्या हाती गावे, त्याच्या हाती पैसा. ज्याच्या हाती पैसा, त्याच्यापाशी पगार मिळणारी आणि म्हणून निष्ठावान फौज. चाकर जितका बळकट होई तितका धन्याला त्याचा धाक वाटे. फेब्रुवारी १७९४ मध्ये महादजी पुण्यात वानवडीला वारले आणि उत्तरेतील सर्वच सरदारांचा एकमेकांवरील विश्वास उडाला. ज्या आप्पांनी थॉमसला पुत्र म्हटले होते, त्यांनीच पुढे हत्यारबंद गोसाव्यांची एक टोळी त्याच्यावर घालण्याचा बेत केला. थॉमसला सुगावा लागला. त्याने रात्री स्वतःच त्या टोळीवर छापा घातला. आणि तरीही नाते तुटले नाही. १७९७ मध्ये असाध्य दुखण्याला कंटाळून आप्पांनी यमुनेत जलसमाधी घेतली. त्याआधी त्यांनी आपला वारस वामनराव याला सांभाळण्याची विनवणी केली ती थॉमसलाच. मारेकरी घालायचे आणि मरताना घरही त्याच्याच हवाली करायचे! आप्पांच्या या वागण्याला कपट म्हणून मोकळे होणे सोपे आहे. खरे तर ज्या राजवटीत पगार, कर्ज आणि निष्ठा यांचा हिशेब कधीच जुळत नव्हता, तिचेच हे लक्षण होते.

याच वर्षांत थॉमसच्या हातून जे घडले ते त्याच्या सर्व लढायांहून अधिक लक्षात राहावे असे आहे. १७९५ मध्ये बेगम समरूच्या फौजेने बंड केले. तिला घेऊन पळताना पकडले जाण्याच्या भीतीने ल व्हासोने स्वतःवर गोळी झाडली. बेगम जखमी अवस्थेत कैद झाली, तिला तोफेला बांधून उन्हात ठेवण्यात आले. तिने मदत मागितली ती ज्याला आपण घालवून दिले त्याच थॉमसकडे. त्याने मागचे सारे विसरून मराठा अधिकाऱ्यांना तिच्या बाजूला वळवले, सरधन्यावर चालून गेला आणि तिला पुन्हा गादीवर बसवले.

पुढे शिंद्यांच्या कारभाऱ्यांनी त्याच्याकडे पानिपत, सोनपत आणि कर्नाल हे परगणे लावून दिले, काम तेच: सतलजेकडून येणाऱ्या शिखांच्या स्वाऱ्या रोखणे. पानिपतावर भाऊसाहेब पडले त्याला तेव्हा ३५-३६ वर्षे झाली होती. त्याच मैदानाची राखण मराठ्यांच्या वतीने टिपरेरीचा एक शेतकरीपुत्र करीत होता. कर्नालच्या परिसरात त्याने शिखांशी रक्तबंबाळ लढाया केल्या. पुढे १७९८-९९ मध्ये जिंदला वेढा घातला, तेव्हा पतियाळाच्या राजाची बहीण साहिब कौर स्वतः फौज घेऊन त्याच्यावर आली. ज्या माणसाचा उदय एका लढवय्या स्त्रीच्या आश्रयाने झाला, त्याला रणात सामोरी आलेलीही तितकीच लढवय्या स्त्री होती.

आप्पांमागे वामनरावाशी त्याचे पटेना. मिळालेल्या परगण्यांवर नव्या धन्याची नजर होती. मग थॉमसने स्वतःचेच राज्य उभारायचे ठरवले. जागा निवडली हांसीची. १७८३ च्या भीषण दुष्काळाने तो मुलूख ओस पडलेला, तट ढासळलेले, कोणा मोठ्या सत्तेचे लक्ष नाही. १७९८ च्या सुमारास त्याने तट पुन्हा बांधले, लोकांना वसायला बोलावले, टांकसाळ घालून स्वतःचा रुपया पाडला, तोफा ओतल्या, बंदुका आणि दारू तयार करण्याचे कारखाने काढले. लढाईत पडलेल्यांच्या बायकामुलांना त्याने वेतन लावून दिले. ज्या काळात जिवंत शिपायालाच पगाराची शाश्वती नव्हती, त्या काळात मेलेल्याच्या घराची तजवीज करणारा धनी शिपायांना कसा वाटला असेल, हे सांगायला नको. त्याच्या पलटणी शेवटपर्यंत का लढल्या याचे उत्तर बहुधा येथेच आहे. त्याच्या मनात पंजाब जिंकून अटकेपर्यंत जायचे होते. अटकेचे वेड केवळ राघोबादादांनाच नव्हते म्हणायचे.

१७९९ मध्ये तो वामनरावासाठी जयपूरच्या मुलखात, शेखावाटीतील फतेहपूरवर गेला. तेथील लढाई तलवारीइतकीच पाण्याची होती. शत्रूने वाटेतल्या विहिरी बुजवत आणल्या होत्या आणि लांब मजलेने तहानलेल्या फौजेने शेवटची विहीर झुंजून मिळवली. काटेरी झाडे तोडून त्याने छावणीभोवती कुंपण केले आणि राजपूत घोडदळाचे हल्ले झेलले. अखेरीस ऐन उन्हात माघार घ्यावी लागली. त्याच वर्षी मेवाडात आंबाजी इंगळे आणि लखबादादा लाड या शिंद्यांच्याच दोन सरदारांत झुंज लागली, तेव्हा तो आंबाजींच्या बाजूने उतरला. मराठा सत्ता आतून कशी उसवत चालली होती, हे हांसीच्या या भाडोत्री राजाला पुण्यातल्या मुत्सद्द्यांपेक्षा जवळून दिसत असावे.

त्याचा शेवट केला तो मात्र मराठ्यांच्याच कवायती फौजेने. द बॉयननंतर १७९६ मध्ये शिंद्यांच्या उत्तरेतील पलटणींचा सेनापती झालेला पेराँ अलीगडात बसून जवळजवळ सुभेदारी गाजवत होता. दिल्लीच्या उंबऱ्यावर स्वतंत्र फिरंगी राज्य त्याला खपणारे नव्हते. १८०१ च्या उन्हाळ्याअखेर दौलतराव शिंदे यशवंतराव होळकरांशी झुंजण्यात गुंतले असताना पेराँने थॉमसला बहादूरगडास भेटीला बोलावले. झज्जर सोडा, शिंद्यांच्या चाकरीत या, फौजेचा खर्च आम्ही देऊ, अशी बोली होती. देकार वाईट नव्हता. पण फ्रेंचाच्या हाताखाली काम करायचे नाही, यावर थॉमस अडून बसला. आयर्लंडच्या इंग्रज कायद्यांनी ज्याला दारिद्र्य दिले, जो इंग्रजांच्या जहाजावरून पळाला, त्याने इंग्रज-फ्रेंच वैर इतके जिवाशी धरावे हे विचित्रच. ल व्हासोची जखम त्यात नव्हती असे म्हणवत नाही.

पेराँने लुई बूर्कियाँ या अधिकाऱ्याला पाठवले. सप्टेंबर १८०१ च्या अखेरीस जॉर्जगढपाशी जी लढाई झाली, तिच्यात दोन्ही बाजूंना एकाच पद्धतीची कवायत शिकलेले हिंदुस्थानी शिपाई समोरासमोर उभे राहिले. तोफांनी दोन्हीकडील रांगा कापून काढल्या. थॉमसचा विश्वासू कप्तान हॉपकिन्स याचा पाय तोफेच्या गोळ्याने गेला आणि त्यातच त्याचा अंत झाला. बूर्कियाँची फौज खिळखिळी झाली होती; त्या रात्री थॉमस चालून गेला असता तर निकाल फिरला असता. तो गेला नाही. तो दारूत बुडाला आणि कित्येक दिवस बुडालेलाच राहिला. हॉपकिन्सच्या मृत्यूचा धक्का हे एक कारण सांगितले जाते. पण त्याला व्यसन जुने होते, आणि शेकडो शिपायांनी जीव देऊन मिळवलेली संधी त्यात वाया गेली हे लपवता येत नाही.

पेराँची कुमक आली, वेढा आवळला, दाणागोटा संपला. नोव्हेंबरात एका रात्री थोड्या स्वारांनिशी तो वेढा फोडून हांसीला दौडला. तेथेही तोफा येऊन ठेपल्या. डिसेंबर १८०१ मध्ये त्याने हांसी सोडली; आपली चीजवस्तू आणि कुटुंब घेऊन इंग्रजी मुलखात जाण्याची मुभा त्याला मिळाली. बूर्कियाँच्या फौजेत असलेल्या जेम्स स्किनरने नंतरच्या जेवणाची हकीगत सांगून ठेवली आहे: पेराँच्या विजयासाठी प्याला उचलला गेला तेव्हा थॉमसच्या डोळ्यांत पाणी आले, मग त्याने तलवार उपसली आणि यजमान बूर्कियाँने पळ काढला.

पुढच्या वर्षी तो नदीमार्गे कलकत्त्याकडे निघाला. वाटेत कॅप्टन विल्यम फ्रँकलिन त्याच्याकडून आयुष्याची हकीगत उतरवून घेत होता. थॉमसने ती फारसीत सांगण्याची तयारी दाखवली, कारण इंग्रजीपेक्षा त्याची जीभ आता फारसीत अधिक सहज वळत होती. २२ ऑगस्ट १८०२ रोजी बंगालमध्ये बहरामपूर येथे तो तापाने वारला. वय सुमारे ४६. फ्रँकलिनचे पुस्तक पुढच्याच वर्षी कलकत्त्यात छापले गेले.

त्याच वर्षी, सप्टेंबर १८०३ मध्ये, जनरल लेकने अलीगड घेतले. पेराँ शिंद्यांची चाकरी टाकून इंग्रजांच्या आश्रयाला गेला. आठवड्याभरात दिल्लीपाशी शिंद्यांची उरलेली कवायती फौज हरली. तिचा सेनापती होता बूर्कियाँ, आणि थोड्याच दिवसांत त्यानेही स्वतःला इंग्रजांच्या स्वाधीन केले. हांसीत स्किनरचे इंग्रजी रिसाले नांदू लागले. हिसारमधील थॉमसची जहाज कोठी आज संग्रहालय आहे.

थॉमसची बायको मारी आणि मुले त्याच्यासोबत बंगालला गेली नव्हती. निघण्यापूर्वी त्याने त्यांना सरधन्याला, बेगम समरूकडे ठेवले होते. तिने त्यांना अखेरपर्यंत सांभाळले.